प्रेशर वॉशरने खिडक्या आणि बाहेरच्या भिंती धुताना: झोत किती, कुठून आणि कुठे अजिबात नाही

प्रश्न असा आहे: घर दुमजली, बाहेरून रंगवलेला गिलावा, थोडा भाग उघड्या विटांचा, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. भिंतींवर हिरवं-काळं शेवाळ आहे, काचांवर पाण्याचे पांढरे डाग. घरगुती, १३० बार दाबाने पाणी मारणारा, विजेवर चालणारा प्रेशर वॉशर हाताशी आहे. काचा न फोडता, रंग न उडवता आणि कुणाला इजा न होता हे सगळं कसं धुवावं?

खिडक्यांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांना भीती काचेची असते आणि नुकसान मात्र भलत्याच ठिकाणी होतं.

मिनिटाला ७ लिटर पाणी देणाऱ्या १३० बारच्या यंत्राच्या नोझलमधून पाणी सेकंदाला साधारण १६० मीटर वेगाने सुटतं. वेग प्रचंड आहे, पण पाणी थोडं असल्यामुळे झोताचा एकूण धक्का दोन किलोच्या आतच भरतो. पंख्यासारख्या पसरलेल्या झोतात तो धक्का वीत-दीड वीत रुंदीवर वाटला जातो. त्यामुळे ४-५ मिलिमीटरची धड काच एवढ्याने फुटत नाही. फुटते ती आधीच केसाएवढा तडा गेलेली, कडेला कपची उडालेली, जुनी आणि पातळ, किंवा उन्हाने तापलेली असताना अचानक गार पाणी पडलेली काच.

खरी हानी काचेच्या कडेला होते. सिलिकॉन, रबरी पट्टी, जुन्या लाकडी चौकटीत काच बसवायला भरलेली लांबी (पुट्टी), सरकत्या तावदानांमधली ब्रशपट्टी हे सगळं पाऊस अडवण्यासाठी बनवलेलं असतं. पाऊस वरून खाली येतो. तुमचा झोत खालून वर किंवा समोरून येतो आणि पाणी अशा फटीत ढकलतो जिथे पाऊस कधी पोचलेला नसतो. दुहेरी काचेच्या खिडकीत कडेच्या सीलला एकदा वाट फुटली की दोन काचांमध्ये धुकं साचायला लागतं, आणि ते बाहेरून पुसून जात नाही, काचेचा अख्खा जोड बदलावा लागतो. हे धुकं धुतल्याच्या दिवशी दिसत नाही. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतं, म्हणून त्याचा संबंध धुण्याशी कुणी जोडत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: प्रेशर वॉशरने भिंत धुवा. खिडकी फक्त विसळा, तीही लांबून. काच स्वच्छ करायचं काम बादली, ओला फडका आणि रबरी वायपर यांचं आहे.

दाब, अंतर आणि कोन

यंत्रावर लिहिलेले बार हा आकडा लोक फार मनावर घेतात. भिंतीला काय लागतं ते ठरवणाऱ्या गोष्टी तीन: नोझलचा कोन, भिंतीपासूनचं अंतर आणि झोत एका जागी किती वेळ राहतो.

रंगांवरून ओळखायची नोझल जवळपास सगळीकडे एकाच पद्धतीची असतात. लाल म्हणजे शून्य अंश, सरळ सुईसारखी धार. पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणासाठी, सुमारे ६५ अंशांचं आणि कमी दाबाचं. लाल नोझल घराच्या भिंतीसाठी पेटीतच राहू द्या. फिरत्या धारेचं, ज्याला टर्बो म्हणतात ते नोझलही तसंच. त्यातही शून्य अंशाचीच धार गोल फिरत असते, पसरलेली दिसते म्हणून सौम्य वाटते एवढंच. काँक्रीटच्या फरशीला ते ठीक, रंगाला आणि विटांच्या सांध्यांना नाही.

अंतराचा हिशोब डोक्यात असला की हात आपोआप सावरतो. ४० अंशांचा झोत ३० सेंटिमीटरवर साधारण २२ सेंटिमीटर रुंद पडतो, ६० सेंटिमीटरवर ४४ आणि एक मीटरवर ७० च्या पुढे. अंतर दुप्पट केलं की तेच पाणी दुप्पट रुंदीवर पसरतं, शिवाय हवेत थेंब फुटून वेगही घटतो. उलट १५ अंशांचं नोझल ३० सेंटिमीटरवर जेमतेम ८ सेंटिमीटरची पट्टी देतं, म्हणजे त्याच भिंतीवर जवळपास तिप्पट मारा. रंगवलेल्या गिलाव्यासाठी पांढरं नोझल आणि ६० ते ९० सेंटिमीटर अंतर इथून सुरुवात करा. गरज पडली तर हळूहळू जवळ या, पण ४० च्या आत नको. त्या अंतरावरही मळ निघत नसेल तर अडचण दाबाची नाही, रसायनाची किंवा वेळेची आहे.

झोत भिंतीवर काटकोनात मारू नका. किंचित तिरका, वरून खाली जाणारा ठेवा. पूर्ण तिरका केला तर पाणी रंगाच्या सुट्या कडेखाली शिरतं आणि पापुद्रा उचलतं, हेही लक्षात असू द्या. गनचा ट्रिगर भिंतीकडे तोंड करून कधीच दाबायचा नाही. बाजूला, मोकळ्या जागेत दाबायचा, झोत स्थिर झाला की भिंतीवर आणायचा. ट्रिगर दाबल्याक्षणी दाबाचा जो पहिला तडाखा येतो, त्याने पडलेले चट्टे नंतर पुसता येत नाहीत.

कुठे झोत लावायचाच नाही

अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे किंवा तशी शंका असलेले जुने पत्रे: अजिबात नाही. झोत वरचा सिमेंटचा थर खरवडतो, तंतू सुटे होतात, पाण्याबरोबर सगळीकडे पसरतात आणि वाळल्यावर हवेत उडतात. ओलं आहे म्हणून सुरक्षित असं इथे नसतं.

जुना, सोलवटणारा तैलरंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. झोताने पापुद्रे अंगणात, मातीत पसरतात आणि लहान मुलं तिथेच खेळतात. आधी रंगाचा नमुना तपासून घ्या.

मीटरची पेटी, स्विच, बाहेरचे दिवे, कॅमेरा, दारावरची घंटा, एसीचं बाहेरचं यंत्र, सौर पॅनेल. दिव्यावर आयपी ६५ लिहिलंय म्हणून चालेल असं अनेकांना वाटतं. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो आणि ५ किंवा ६ ची चाचणी साध्या, मोठ्या तोंडाच्या पाइपच्या झोतावर होते. ६ साठीसुद्धा पाण्याचा दाब सुमारे १ बारच असतो. प्रेशर वॉशरसारखा जवळून येणारा झोत सहन करणारी पायरी ९ ची आहे आणि ती घरगुती दिव्यावर सहसा सापडत नाही. तेव्हा या वस्तूंच्या सर्किटची वीज पेटीतल्या स्विचवरून बंद करा (वॉशरचं सर्किट तेवढं चालू राहील), प्लास्टिक आणि चिकटपट्टीने झाका आणि तरीही त्यांच्यावर झोत रोखू नका. एसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या एका फटक्यात आडव्या होतात आणि मग हवा जायला वाट राहत नाही.

वरून जाणाऱ्या विजेच्या तारांजवळ लांब दांडा उंचावायचा नाही. दांडा धातूचा असो वा नसो, पाणी आहेच.

नवा रंग महिनाभर आणि नवा गिलावा किमान २८ दिवस झाल्याशिवाय धुवू नका. कौलं, शिंगल्स अशी छपरं प्रेशरने धुण्याचा विचारही सोडा. एकावर एक चढलेल्या तुकड्यांखाली पाणी उलट्या दिशेने शिरतं, शिंगलवरचे दाणे निघून जातात, आणि ओल्या छपरावर उभं राहणं हा वेगळाच धोका.

माणसाला होणारी इजा

हा भाग घाईत वाचू नका. झोत कातडीतून आत शिरतो. त्यासाठी लाल नोझलच लागतं असं नाही, जवळून कुठलीही बारीक धार पुरते. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, पहिल्या तासात दुखतही नाही. आत मात्र पाणी, साबण, मळ आणि जंतू स्नायूंच्या आणि शिरांच्या आवरणांतून दूरवर पसरलेले असतात. बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. अशी जखम झाली तर मलमपट्टी करून वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि तिथे स्पष्ट सांगा की उच्च दाबाच्या झोताने द्रव आत शिरला आहे आणि पाण्यात कोणतं रसायन होतं. नुसतं भोक बघून कमी लेखलं जाऊ नये म्हणून हे सांगणं गरजेचं आहे.

त्याच कारणाने पाइप कुठे गळतोय ते बोटाने चाचपायचं नाही. यंत्र बंद करा, ट्रिगर दाबून दाब सोडा, मग बघा. नोझल बदलतानाही हाच क्रम. गन खाली ठेवली की तिचं कुलूप लावायचं. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत. जाड लांब पँट आणि बाजूने बंद असलेला चष्मा हवा. भिंतीवरून उडणारे वाळूचे कण साध्या चष्म्याच्या कडेने डोळ्यात येतात. मुलं आणि प्राणी किमान पाच-सहा मीटर लांब, शक्यतो घरातच.

शिडीवर चढून गन चालवू नका. ट्रिगर दाबला की गन मागे ढकलते, सोडला की तोल पुढे जातो, आणि शिडीवर दोन्ही हात गनवर असतात. शिडीचे पाय साबणाच्या पाण्यात, हे आणखी वेगळं. वरच्या मजल्यासाठी लांब होणारा दांडा वापरा आणि जमिनीवर दोन्ही पाय घट्ट रोवून उभे राहा. दांडा जितका लांब तितकी टोकाची ढकल हाताला जास्त जाणवते, म्हणून तो पूर्ण उघडण्याआधी अर्ध्या लांबीवर सराव करा. दांड्यानेही पोचत नसेल तर मचाण किंवा लिफ्ट असलेल्या माणसाला बोलवावं, इथे काटकसर करू नये.

वीज: यंत्र विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचवरच (आरसीसीबी) चालवायचं आणि सुरू करण्याआधी त्याचं चाचणीचं बटण दाबून तो बंद पडतो का ते पाहायचं. जोडवायर टाळता आली तर उत्तम. नाहीच टळली तर १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर आणि त्यापुढे ३० मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, बाहेर वापरायची. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, नाहीतर ती आतून तापते. जोडणी जमिनीवर पडलेली नको, उंचावर, कोरडी हवी. पेट्रोलवर चालणारं यंत्र भाड्याने आणलं तर ते गॅरेजमध्ये, व्हरांड्यात किंवा उघड्या खिडकीजवळ चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

धुण्याआधीची तपासणी

भिंतीवर कोरडा तळहात फिरवा. हाताला पांढरी-रंगीत पूड लागली तर रंगातला बांधणारा घटक उन्हाने संपलेला आहे. अशी भिंत धुतली की रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो, आणि तो दोष झोताचा नसतो. तिथे धुणं ही पुन्हा रंगवण्याची पहिली पायरी समजूनच हात घाला. मग बोटाच्या पेराने जागोजागी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे, तेवढा भाग खडूने आखून ठेवा आणि त्यावर झोत नको. भेगा, सुटलेलं सिलिकॉन, पाइप भिंतीत शिरतात तिथली भोकं आधी बुजवा. सिलिकॉन भरलं तर डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्या, वरून सुकलेलं दिसतं तेव्हा आतून ते ओलंच असतं.

विटांचा भाग जुना असेल तर सांध्यातला मसाला किल्लीने हलका खरवडून पाहा. भुगा पडत असेल तर प्रेशर नको, ब्रश आणि साधा पाइप. विटांवर पांढरा लोणा आला असेल तर तो आधी कोरड्या ब्रशने झाडून उचलून टाका. पाणी मारलं की ते क्षार विरघळून विटेत परत जातात आणि वाळताना पुन्हा बाहेर येतात.

खिडक्यांच्या जाळ्या काढून वेगळ्या ठेवा. जाळीवर झोत मारला तर ती ताणली जाते किंवा खोबणीतून सुटते. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळातली माती ब्रशने काढा आणि बाहेरच्या बाजूला असलेली निचऱ्याची बारीक भोकं मोकळी करा. मग रुळात अर्धा पेला पाणी ओतून पाहा. ते बाहेर निघायला हवं. भोकं तुंबलेली असताना खिडकीवर पाणी मारलं तर रूळ भरतो आणि पाणी घरात उतरतं, मग लोकांना वाटतं सील फुटलं. आतल्या बाजूला खिडकीखाली जुनी चादर पसरून ठेवा. ती नंतर हात लावून पाहिली की कुठून पाणी आलं ते नेमकं कळतं.

नळाचीही तपासणी हवी. दहा लिटरची बादली नळाला लावा. मिनिटाला ७ लिटर मागणाऱ्या यंत्रासाठी ती साधारण ७० सेकंदांच्या आत भरली पाहिजे. नळ कमी पडला तर पंपात पोकळी तयार होऊन तो खडखडतो, झोत धडधडतो आणि पंपाच्या आतले भाग लवकर झिजतात. अशा वेळी टाकीतून स्वतः पाणी ओढू शकणारं यंत्र लागतं, आणि सगळ्या यंत्रांना ते जमत नाही.

शेवाळासाठी रसायन

हिरवं शेवाळ आणि काळी बुरशी नुसत्या झोताने गेल्यासारखी दिसते. खरं तर वरचं अंग जातं, गिलाव्याच्या बारीक छिद्रांत बसलेले तंतू राहतात आणि पुढच्या ओलीत परत फुटतात. त्यासाठी आधी ते मारायचं, मग धुवायचं. दाब वाढवून हे काम होत नाही.

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरात वापरतो ते ब्लीच, पुरतं. भिंतीवर पोचणारं द्रावण १ टक्क्याच्या आसपास हवं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १० लिटरसाठी २ लिटर ब्लीच आणि ८ लिटर पाणी. १० टक्क्यांचं असेल तर १ लिटर ब्लीच आणि ९ लिटर पाणी. ब्लीच जुनं झालं, उन्हात राहिलं की त्याचा जोर घटतो, म्हणून ताजं घ्या आणि द्रावण त्याच दिवशी वापरा. उभ्या भिंतीवर टिकून राहावं म्हणून थोडा सौम्य द्रव साबण घालतात, १० लिटरला ३०-४० मिलिलिटर पुरे, पण त्यात अमोनिया किंवा आम्ल नसावं. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून पाहा. गडद रंग फिका पडू शकतो.

हे द्रावण प्रेशर वॉशरच्या पंपातून पाठवू नका, रबरी सील आणि धातूचे भाग खराब होतात. बागेत फवारायचा साधा हातपंप वापरा.

ब्लीचमध्ये किंवा ब्लीच लागलेल्या भिंतीवर व्हिनेगर, संडास धुवायचं आम्ल, विटांवरचा लोणा काढायचं आम्ल यातलं काहीही नको, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही नको, त्यातून क्लोरामाइन सुटतं. काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरने काढायचे असतील तर तो दिवस वेगळा ठेवा.

क्रम असा: झाडं, हिरवळ आणि भिंतीलगतची माती आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवा. पाणी प्यायलेली मुळं ब्लीच कमी शोषतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि काचाही ओल्या करून घ्या, कोरड्या धातूवर ब्लीच बसलं की डाग पडतो. मग द्रावण खालून वर फवारत जा. वरून सुरू केलं तर ओघळ कोरड्या भिंतीवरून खाली येतात आणि त्या रेषा धुतल्यावरही दिसत राहतात. १० ते १५ मिनिटं थांबा. सुकू देऊ नका, सुकायला लागलं तर पाण्याचा हलका फवारा द्या. काळा रंग तपकिरी, मग फिका होताना डोळ्यांना दिसतो, तो बदल म्हणजेच काम चाललं आहे. द्रावण सुकू नये म्हणूनच उन्हात तापलेल्या भिंतीवर हे करायचं नाही, सावलीच्या बाजूने सुरुवात करून सावलीबरोबर सरकायचं. वारा असलेल्या दिवशी फवारणी टाळा. रबरी हातमोजे आणि चष्मा काढायचे नाहीत.

प्रत्यक्ष धुणं

यंत्राला पाइप जोडा, नळ पूर्ण उघडा आणि यंत्र सुरू न करता ट्रिगर दाबून धरा. पाणी फुरफुरत येईल, मग सलग येईल. आतली हवा गेली की मगच स्विच. हे न केल्यामुळे झोत धडधडतो आणि माणसं यंत्र बिघडलं म्हणून दुकानात नेतात.

आता वरून खाली. एका वेळी दीड-दोन मीटर रुंदीचा भाग घ्या. हात आडवा, एकाच वेगाने, प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा तिसरा हिस्सा झाकायचा. हात जिथे दिशा बदलतो तिथे तो क्षणभर थांबतो आणि नेमका तिथेच गडद-फिका पट्टा उमटतो. म्हणून वळण धुवायच्या भागाच्या थोडं बाहेर घ्या किंवा वळताना मनगट उचलून झोत लांब न्या. भिंत ओली असताना हे पट्टे दिसत नाहीत, वाळल्यावर दिसतात. पहिला भाग धुऊन झाला की अर्धा तास थांबून तो वाळू द्या आणि नीट पाहा. सगळी भिंत पट्टेरी झाल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

खिडकीपाशी आलात की एक पाऊल मागे. काचेपासून एक ते सव्वा मीटर अंतर, पांढरं नोझल, झोत वरून खाली. सरकत्या तावदानांचा मधला जोड, चौकटीचा खालचा रूळ आणि सिलिकॉनची रेघ यांच्यावर झोत सरळ रोखायचा नाही. वरच्या मजल्याची खिडकी जमिनीवरून धुताना अडचण ही की झोत आपोआप खालून वर जातो. दांडा खिडकीच्या वर पोचवून टोक खाली वळवता आलं तर ठीक, नाहीतर त्या खिडकीला प्रेशर नकोच. लांब दांड्याचा ओला ब्रश आणि साधा पाइप एवढंच. छज्जाखालच्या हवेच्या झरोक्यांनाही हाच नियम, तिथून गेलेलं पाणी थेट छताच्या पोकळीत उतरतं.

विटांवर ६० सेंटिमीटरच्या आत येऊ नका आणि झोत सांध्यावर उभा रोखू नका. लाकडी पट्ट्या किंवा दारं असतील तर दाब ४० बारच्या खाली आणावा लागतो. यंत्राला दाब कमी करायची सोय नसेल तर लाकूड हाताने घासा. मऊ लाकडाचे तंतू झोताने उभे राहतात आणि पृष्ठभाग केसाळ होतो, मग घासकागदाशिवाय उपाय नाही. धुवायचंच असेल तर रेषांच्या दिशेने, आडवं कधीच नाही.

शेवटी झाडं आणि माती पुन्हा साध्या पाण्याने भरपूर विसळा. चौकटींवर आणि स्क्रूंवर ब्लीच राहिलेलं नको.

काचा

भिंतींचं पाणी उडून काचा घाण होणारच, म्हणून काच सगळ्यात शेवटी. पाच लिटर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे ५ मिलिलिटर पुरतात. जास्त घातलं की साबणाचाच थर राहतो. ओल्या फडक्याने काच पूर्ण भिजवा आणि मळ सुटू द्या. वाळूचे कण काचेवर असताना कोरडं घासलं तर ओरखडे पडतात, विशेषतः कडक केलेल्या काचेवर. मग वायपर. वरची दोन सेंटिमीटरची पट्टी आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, वायपर त्या कोरड्या पट्टीपासून सुरू करा आणि दर फेरीनंतर रबर पुसा. ओल्या कडेवरून सुरू केलं तर पाणी रबराखालून ओघळतं. रबराची धार बोथट झाली असेल तर कितीही कौशल्याने रेघा राहतात. रबर उलटून बसवा किंवा बदला.

पांढरे डाग हे वाळलेल्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे. व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात, फडका भिजवून काचेवर पाच-दहा मिनिटं धरायचा, मग विसळायचं. खाली संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असेल तर तो झाकून घ्या, आम्लाने त्याची चकाकी जाते. दोनदा करूनही डाग तिथेच असतील तर ते काचेवर नाहीत, काचेत आहेत. पृष्ठभाग खाल्ला गेलेला असतो, त्याला सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने थोडा उठाव येतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली डागनाशकं मात्र घरात आणू नका, ती कातडीतून आत जाऊन जिवावर बेततात. काच पुन्हा डागाळू नये म्हणून धुतल्यावर तिला उन्हात आपोआप सुकू देऊ नका. क्षार काढलेलं, शुद्ध केलेलं पाणी ब्रशच्या दांड्यातून सोडणारी यंत्रणा व्यावसायिक लोक वापरतात ती याचसाठी. त्या पाण्यात वाळून मागे उरण्यासारखं काही नसतं, त्यामुळे वायपर लागतच नाही.

बिघाड झाला तर

झोत धडधडतो: हवा राहिली आहे, पाइप मुडपला आहे किंवा पाणी येण्याच्या तोंडावरची जाळी तुंबली आहे, याच क्रमाने पाहा. झोत एका बाजूला फाटलेला: नोझलमध्ये खडा, नोझल काढून समोरच्या भोकातून बारीक तारेने मागे ढकला आणि त्याच उलट दिशेने विसळा. दाब हळूहळू महिन्यांत घटला: नोझलचं भोक झिजलं आहे, पंप उघडण्याआधी नवं नोझल लावून पाहा. साबण ओढला जात नाही: काळं नोझल लावलेलं नसतं, बाकी नोझलवर दाब जास्त असल्यामुळे ओढ तयारच होत नाही. ट्रिगर सोडलेला असताना यंत्र थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालू-बंद होतं: कुठेतरी गळती आहे, बहुधा जोडाच्या रबरी वायसरमध्ये.

काम झालं की साबणाच्या नळीतून मिनिटभर साधं पाणी जाऊ द्या. स्विच बंद करा, नळ बंद करा, ट्रिगर दाबून दाब सोडा, मग पाइप काढा. पंपातलं पाणी काढून टाका, थंडीत ते गोठलं तर पंप फुटतो.

भिंत रंगवायची असेल तर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या, विटांना आणि सावलीच्या बाजूला त्याहून जास्त. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर ओल अजून आहे. खिडक्यांचे कोपरे आणि आतल्या चादरी त्याच संध्याकाळी आणि पुन्हा दोन दिवसांनी तपासा. ओल दिसली तर त्या खिडकीचं सिलिकॉन पुढच्या पावसाआधी बदलून घ्या.